रशियाचा बाजार मोकळा पडलेला नाही

गेली काही वर्षे लघुउद्योजकांमध्ये एक संदेश थोड्याफार फरकाने फिरतो आहे. त्याचा आशय असा की, २०२२ नंतर पाश्चात्त्य कंपन्या रशिया सोडून गेल्यामुळे तिथला बाजार मोकळा पडला आहे. भारताशी जुनी मैत्री असल्याने रशियन ग्राहक आपल्या मालाला पहिली पसंती देतो आणि पैसे आगाऊ मोजतो. व्यवहार रुपयात होत असल्याने डॉलरचा आणि निर्बंधांचा प्रश्नच उरत नाही. आणि तिथे कागदापेक्षा ओळखीला किंमत आहे. यातली बहुतेक विधाने निखालस खोटी नाहीत, आणि अडचण नेमकी तीच आहे, कारण त्यांतल्या थोड्याशा खऱ्यावर विसंबून नाशिकचा द्राक्ष निर्यातदार किंवा चिंचवडचा सुटे भाग बनवणारा कारखानदार पहिला कंटेनर भरायला निघतो. रशियाशी धंदा करू नये असे माझे म्हणणे नाही. तो करता येतो आणि अनेक भारतीय कंपन्या वर्षानुवर्षे करत आहेत. मात्र संदेशात सांगितलेल्या कारणांमुळे तो होत नाही.

बाजार मोकळा पडल्याचे आधी पाहू. मॅकडॉनल्ड्सने मार्च २०२२ मध्ये आपली उपाहारगृहे बंद केली, मे महिन्यात देश सोडण्याचे जाहीर केले आणि १२ जूनपासून त्याच जागांमध्ये नव्या रशियन मालकाचे ‘व्कुस्नो इ तोच्का’ सुरू झाले. मोटारींच्या बाजारात युरोपीय, जपानी आणि कोरियन कंपन्यांची जागा चिनी कंपन्यांनी इतक्या वेगाने घेतली की, दोन वर्षांत नव्या मोटारींच्या विक्रीत त्यांचा वाटा निम्म्याहून अधिक झाला. २०२२ मध्येच रशियन सरकारने समांतर आयातीला परवानगी दिली, म्हणजे मूळ कंपनीच्या संमतीशिवाय तिचा माल तिसऱ्या देशातून आणून विकणे कायदेशीर ठरवले. त्यामुळे कंपनी गेली तरी तिचा माल दुकानांतून गेला नाही. नेस्ले आणि पेप्सिको यांच्यासारख्या कंपन्या तर पूर्णपणे गेल्याच नाहीत. द्राक्षांपुरते बोलायचे, तर आपल्या हंगामात रशियन घाऊक व्यापाऱ्यापुढे दक्षिण आफ्रिका आणि पेरूचा मालही असतो, आणि तो दोन्ही भाव समोर ठेवूनच बोलतो.

औषधांच्या क्षेत्रात भारतीय कंपन्यांचे रशियात खरोखर बस्तान आहे, पण ते २०२२ पूर्वीचे आहे, आणि तिथेही दार सताड उघडे नाही. २०१५ च्या अखेरीस आलेल्या एका सरकारी आदेशानुसार, सरकारी खरेदीत युरेशियन आर्थिक संघातील (रशिया, बेलारूस, कझाकस्तान, आर्मेनिया आणि किर्गिझस्तान) उत्पादकांच्या किमान दोन पात्र निविदा आल्या, की परदेशी औषधाची निविदा बाजूला ठेवली जाऊ लागली. व्यवहारात हा नियम ‘तिसरा नको’ या नावाने ओळखला गेला. एकूण चित्रही बोलके आहे. २०२४-२५ मध्ये भारताने रशियाकडून सुमारे ६३.८ अब्ज डॉलरची आयात केली आणि तिकडे निर्यात केली ती सुमारे ४.९ अब्ज डॉलरची. बाजार खरोखर मोकळा पडला असता, तर तीन वर्षांनंतरचे आकडे असे दिसले नसते.

मैत्रीचा आणि आगाऊ रकमेचा दावा जुन्या आठवणींवर पोसलेला आहे. सोव्हिएत काळातील रुपया-रुबल व्यापारात खरेदीदार सरकारी संस्था असे आणि पैसा दोन सरकारांमधील करारातून येत असे. तिथे मैत्रीला रोकड मूल्य होते. आजचा खरेदीदार खासगी आहे आणि त्याचे गणित त्याच्या बँकेच्या व्याजदरावर चालते. रशियाच्या मध्यवर्ती बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये आपला मुख्य दर २१ टक्क्यांवर नेला आणि जून २०२५ पर्यंत तो तिथेच ठेवला. त्यानंतर तो टप्प्याटप्प्याने उतरू लागला. बँकेकडून खेळते भांडवल इतक्या चढ्या दराने मिळत असताना कोणता आयातदार माल हाती येण्याआधी पूर्ण रक्कम खुशीने मोजेल? तो उलट पुरवठादाराकडे साठ किंवा नव्वद दिवसांची उधारी मागतो, म्हणजे स्वतःच्या व्याजाचा भार आपल्या गळ्यात घालू पाहतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केले असते. उधारी द्यायची तर तिचे व्याज आणि निर्यात पतविम्याचा (ग्राहकाने पैसे बुडवल्यास भरपाई देणाऱ्या विम्याचा) खर्च भावात धरावा लागतो, आणि हा विमा देणाऱ्या ईसीजीसी या सरकारी कंपनीने रशियासाठीच्या अटी २०२२ मध्ये कडक केल्या होत्या, हे पहिले कोटेशन देण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

रुपयाच्या दाव्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण तिथे मोठा गैरसमज आहे. रिझर्व्ह बँकेने ११ जुलै २०२२ रोजी परिपत्रक काढून परदेशी व्यापाराचा हिशेब रुपयात चुकता करण्याची व्यवस्था केली. रशियन बँक भारतीय बँकेत विशेष रुपया व्होस्ट्रो खाते उघडते. रशियन आयातदार आपल्या बँकेत रुबल भरतो आणि भारतीय निर्यातदाराला त्या खात्यातून रुपये मिळतात. अशा वसुलीवर निर्यातीचे सरकारी लाभ मिळतील, असे नोव्हेंबर २०२२ मध्ये परदेशी व्यापार महासंचालनालयाने स्पष्ट केले. इथपर्यंत संदेश बरोबर आहे. मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी गोव्यात आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव यांनी, भारतीय बँकांत आपले अब्जावधी रुपये साचले असून ते वापरण्यासाठी दुसऱ्या चलनात बदलावे लागतील, असे जाहीरपणे म्हटले, तेव्हा अनेकांनी ‘रुपयाची योजना फसली’ असा अर्थ काढला. वास्तविक ती अडचण भारताला माल विकणाऱ्या रशियन विक्रेत्याची होती. भारतीय निर्यातदाराला खात्यात साचलेले रुपये सोयीचेच आहेत, कारण त्याचे पैसे त्यांतूनच द्यायचे असतात.

निर्यातदाराची अडचण वेगळीच आहे. रुपया आणि रुबल यांची थेट आणि मोठी उलाढाल असलेला बाजार नसल्याने दर बहुधा डॉलरच्या आधाराने काढला जातो, आणि अमेरिकेने मॉस्को एक्स्चेंज या तिथल्या मुख्य शेअर व चलन बाजारावर निर्बंध घातल्यानंतर १३ जून २०२४ पासून तिथले डॉलर आणि युरोचे व्यवहार थांबल्यामुळे तो आधारही पूर्वीइतका पारदर्शक राहिलेला नाही. म्हणून दर कोणत्या दिवसाचा, कोणत्या बँकेचा आणि फरक पडल्यास तो कोणी सोसायचा, हे करारात लिहिलेले नसेल, तर बीजक रुपयात असूनही रुबल घसरला की ग्राहक भाव कमी करून मागतो. पंधरा दिवसांपूर्वी मान्य केलेला भाव कंटेनर बंदराला लागल्यावर पुन्हा चर्चेला येतो, आणि माल नाशवंत असेल तर कोणाचा हात वर असतो, हे सांगायला नको.

निर्बंध आपल्याला लागू नाहीत, हे कायद्याच्या भाषेत खरे आहे. भारत संयुक्त राष्ट्रसंघाचे निर्बंध मानतो, एखाद्या देशाने एकतर्फी लादलेले नाही. पण पैसे बँकेमार्फत येतात आणि आपल्या बँकेला न्यूयॉर्कमधले डॉलर खाते सांभाळायचे असते. २२ डिसेंबर २०२३ च्या अमेरिकी आदेशानंतर रशियाच्या लष्करी उद्योगाशी जोडलेला व्यवहार हाताळणाऱ्या परदेशी बँकेवरही कारवाई होऊ शकते, आणि व्यवहार रुपयात केल्याने ही जबाबदारी टळत नाही. ३० ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेने जवळपास चारशे व्यक्ती आणि संस्थांवर निर्बंध घातले, त्यांत १९ भारतीय कंपन्या होत्या. द्राक्षे, कांदा किंवा औषधे विकणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही; अन्न आणि औषधांना अमेरिकेनेच सवलत दिलेली आहे. यंत्रभागांच्या व्यवसायात मात्र सावध राहावे. पाश्चात्त्य देशांनी संयुक्तपणे काढलेल्या पन्नास एचएस कोडांच्या (मालाचा प्रकार दाखवणाऱ्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या सीमाशुल्क क्रमांकांच्या) यादीत इलेक्ट्रॉनिक चिपांबरोबर बॉल बेअरिंग आणि सीएनसी (संगणकचलित) यंत्रेही आहेत. आपल्या मालाचा कोड त्या यादीत आहे का, हे बँकेने विचारण्याआधी आपण पाहिलेले बरे, कारण बँक विचारते तेव्हा बहुधा माल निघून गेलेला असतो आणि वसुलीची मुदत चालू झालेली असते.

कागदापेक्षा ओळख महत्त्वाची, हा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. रशियन आयातदारावर त्याच्याच बँकेमार्फत चलननियंत्रण चालते. ठरावीक रकमेच्या वरचा आयातकरार बँकेत नोंदवावा लागतो, बँक त्याला स्वतंत्र क्रमांक देते आणि पुढची प्रत्येक रक्कम त्या क्रमांकाखाली तपासली जाते. आगाऊ दिलेल्या रकमेचा माल मुदतीत आला नाही, तर उत्तर आयातदाराला द्यावे लागते. म्हणूनच पेटीचे वजन किंवा जहाजाची तारीख बदलली, की तो सही-शिक्क्याचा पुरवणी करार मागतो. आपल्याकडे ‘फोनवर ठरले आहे ना’ म्हणून हे टाळले जाते आणि मग रक्कम अडकली की दोष रशियन नोकरशाहीला दिला जातो. मालावर रशियन भाषेतले लेबल लागते, अनेक वस्तूंना, त्या नियमांत बसतात हे दाखवणारे युरेशियन संघाचे ईएसी चिन्ह लागते, आणि त्यासाठीचा अर्जदार संघातील देशात नोंदलेला असावा लागतो. तो अर्जदार सहसा आपला ग्राहकच असतो. त्यामुळे प्रमाणपत्र त्याच्या नावावर राहते आणि उद्या दुसरा ग्राहक धरायचा झाला, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

राहता राहिली ओळख. रशियन कंपनीचा करक्रमांक दहा आकडी असतो आणि तो मिळाला, की तिथल्या कर खात्याच्या संकेतस्थळावरून कंपनीचा नोंदणी उतारा विनामूल्य काढता येतो. आपल्या सातबाऱ्याप्रमाणे तो वाचायला शिकावे: कंपनी कधी स्थापन झाली, भांडवल किती, आणि मुख्य म्हणजे सही करण्याचा अधिकार असलेला महासंचालक कोण. करारावर दुसऱ्याच कोणाची सही असेल, तर तिच्यासोबत मुखत्यारपत्र हवे. तिथल्या व्यापारी न्यायालयांतील खटल्यांची यादीही सार्वजनिक असते, आणि आपल्या होऊ घातलेल्या ग्राहकावर किती पुरवठादारांनी पैशासाठी दावे लावले आहेत, हे तिच्यात दिसते. ही संकेतस्थळे भारतातून कधीकधी उघडत नाहीत. अशा वेळी ताजा उतारा ग्राहकाकडेच मागावा, आणि तो मिळेपर्यंत प्रोफॉर्मा बीजक, म्हणजे विक्रीपूर्वीचे प्रस्तावित बीजक, पाठवू नये.