गोळा ओढणारं प्रथिन आणि फॉरवर्ड होणारा 'आनंद'

दोन पायांचं एक प्रथिन भलामोठा गोळा घेऊन नळीवरून डुलत चाललंय. सोबत मजकूर: 'हा मायोसिनचा रेणू एंडॉर्फिनचा गोळा मेंदूत ओढून नेतोय. तुम्ही साक्षात आनंद पाहत आहात!' ही क्लिप वर्षानुवर्षं फिरते आहे.

'पाहत आहात' इथूनच घोळ सुरू होतो. हे सूक्ष्मदर्शकातलं चित्रण नाही. 2006 साली हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेलं ॲनिमेशन आहे. आणि तो मायोसिन नाही. मायोसिन चालतो तो ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंवर. इथे पेशीतल्या सूक्ष्मनलिकेवरून (चित्रातली नळी) चालणारं किनेसिन हे वेगळं प्रथिन आहे.

गोळा एंडॉर्फिनचा? बीटा-एंडॉर्फिन (शरीरातलं वेदना शमवणारं रसायन) ही जेमतेम 31 अमिनो आम्लांची साखळी, किनेसिनपेक्षा कितीतरी लहान. चित्रातला गोळा म्हणजे पुटिका, पातळ पटलाची पिशवी. एंडॉर्फिन अशा पिशव्यांतून जातं, हे खरं. पण ते पेशीबाहेर पडून दुसऱ्या पेशीच्या ग्राहीला (संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटेपर्यंत कोणालाच काही जाणवत नाही. त्यामुळे 'आनंद' या क्लिपमध्ये कुठेच नाही.

इथवरच्या चुका किरकोळ म्हणून सोडून देता येतील. पण 'पेशीत प्रत्येक रेणूला असा हमाल असतो' हा जो समज यातून पसरतो, तो जास्त चुकीचा. ॲनिमेशनमध्ये भोवती मोकळी जागा दिसते (नाहीतर दिसणार काय, म्हणा!). प्रत्यक्षात ई. कोलाय जिवाणूच्या पेशीद्रव्यात मोठे रेणू कोंबलेले असतात, लिटरमागे एकूण 300 ग्रॅमहून अधिक. हिरवं चमकणारं जीएफपी हे प्रथिन तिथे पाण्यातल्यापेक्षा सुमारे दहापट हळू पसरतं; सस्तन प्राण्यांच्या पेशीत तीन-चारपट.

आणि बहुतेक रेणूंना कोणी नेत नाही. ते उष्णतेच्या धक्क्यांनी दिशाहीन भरकटतात आणि भरकटतच जोडीदाराला धडकतात. जवळच्या अंतराला हे पुरतं: साधारण प्रथिन एक मायक्रोमीटर सेकंदाच्या काही शतांशात पार करतं. मात्र अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो. मीटरभर लांब चेतातंतूच्या टोकाला नुसत्या विसरणाने, म्हणजे अशा भरकटण्याने, पोचायला हजार वर्षांहून अधिक लागतील. किनेसिनची खरी गरज तिथे. तेच अंतर जलद वाहतुकीत काही दिवसांत कापलं जातं.

किनेसिनही असं ऐटीत चालत नाही. 8 नॅनोमीटरचं एक पाऊल, त्याला एटीपीचा (पेशीतलं ऊर्जा पुरवणारं इंधन) एक रेणू, सेकंदाला शंभरेक पावलं, तीही सतत धक्के खात. आणि एवढं करून साधारण मायक्रोमीटरभर गेलं की ते नळीवरून सुटतं. म्हणून एकेका पुटिकेला बहुधा अनेक किनेसिन जुंपलेली असतात.