‘वळताना क्लच दाबून धरा’ म्हणे!

नव्याने मोटरसायकल शिकणाऱ्यांसाठी म्हणून एक संदेश सध्या या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतोय. त्यात सहा मुद्दे आहेत. एक, हळू वळताना क्लच पूर्ण दाबून धरा, म्हणजे गाडी बंद पडत नाही. दोन, हाफ क्लच (म्हणजे लिव्हर अर्धवट दाबून चाकाला थोडाच जोर देणं) कधीच वापरू नका, क्लचच्या प्लेटा जळतात. तीन, वळणात कुठलाच ब्रेक लावायचा नाही. चार, तोल जाऊ नये म्हणून दोन्ही पाय खाली सोडून ठेवा. पाच, ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला अंग झोकून द्या. सहा, गाडी पडायला लागली तर धरत बसू नका, सोडून द्या.

माझ्या भाचीने हा संदेश मला दाखवला, तो गाडी पाडून झाल्यावर.

रिकाम्या मैदानात पाण्याच्या दोन बाटल्या ठेवून आम्ही यू-टर्नचा सराव करत होतो. बाटलीपर्यंत ती झकास आली. हँडल वळवलं, गाडी थोडी कलली, आणि तिने डाव्या हाताची चारही बोटं आवळली. इंजिनाचा आवाज एकदम चढला, गाडी मात्र रेंगाळली आणि आतल्या बाजूला सावकाश आडवी झाली. फार लागलं नाही, क्लचच्या लिव्हरचं टोक तेवढं वाकलं. कपडे झटकत ती म्हणाली, “मामा, क्लच दाबला होता मी! तरी पडली.”

“दाबलास म्हणूनच पडली.”

तिला ते खवचट वाटलं, पण खरं तेवढंच होतं.

वळणात कललेल्या गाडीला वजन आत पाडू बघतं आणि वेग उभं करू बघतो. दोघांचं जमलं की गाडी ना पडते ना उठते, गुमान वळते. आता आकडेच घ्या. तीन मीटर त्रिज्येचं वळण ताशी १० किलोमीटरने घ्यायचं असेल तर गाडी साधारण १५ अंश कलावी लागते. त्याच वळणात वेग ५ वर आला तर जेमतेम ४ अंश पुरतात. म्हणजे १५ अंश कललेल्या गाडीचा वेग मध्येच निम्मा झाला, तर उरलेले ११ अंश पडण्याच्या खात्यात जमा. क्लच पूर्ण दाबला की मागच्या चाकाला मिळणारा जोर तुटतो. त्यात हँडल पूर्ण वळलेलं असलं की पुढचं टायर घासत चालतं आणि वेग आणखी झपाट्याने उतरतो. इंजिन बंद पडत नाही हे खरंच आहे. ते चालूच राहतं, गाडी आडवी होते.

उलट, गाडी फारच आत कलतेय असं वाटलं तर क्लच केसभर सोडायचा. चाकाला जोर मिळतो, गाडी आपोआप उभी होऊ लागते. भीती वाटली की मूठ आवळली जाते, आणि इथे नेमकी ती सैल करायची असते. हे ऐकून समजतं, पण हाताला समजायला आठवडा जातो.

भाचीच्या बाबतीत आणखी एक भानगड होती, आणि ती अनेकांची असते. ती आधी बिनगियरची स्कूटर चालवायची. स्कूटरच्या डाव्या लिव्हरला मागचा ब्रेक असतो, त्यामुळे घाबरलं की डावी मूठ आवळायची ही सवय हातात मुरलेली. मोटरसायकलवर त्याच जागी क्लच आहे. हात गेला ब्रेकसाठी आणि मिळाला क्लच. वेग आवरायचा होता, तुटला जोर. स्कूटरवरून मोटरसायकलवर येणाऱ्याला मी म्हणूनच आधी अर्धा तास सरळ रेषेत नुसतं थांबायला लावतो. उजवा हात, उजवा पाय, आणि अगदी शेवटच्या हातभर अंतरात डावी मूठ. क्लच पूर्ण दाबायची जागा ही, सरळ रेषेत थांबताना. वळणाच्या मध्यात नाही.

आता हाफ क्लच. संदेशातला हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण वडीलधारी माणसंही तो शपथेवर सांगतात.

आधी हाफ क्लच लागतोच का ते बघू. दीडशे सीसीच्या आसपासच्या एखाद्या गाडीचा ढोबळ हिशेब मांडा. रेस न देता इंजिन मिनिटाला १४०० फेरे घेतंय आणि पहिल्या गियरमध्ये, चेन-स्प्रॉकेट धरून, इंजिनाच्या २८ फेऱ्यांमागे चाकाचा एक फेरा होतोय. म्हणजे चाकाचे मिनिटाला ५० फेरे. चाकाचा घेर दोन मीटरच्या आत-बाहेर, म्हणजे मिनिटाला १०० मीटर, ताशी ६ किलोमीटर. क्लच पूर्ण सोडलेला असताना ही गाडी यापेक्षा हळू जाऊच शकत नाही. हळू करायला गेलात तर आचके देते आणि बंद पडते. बरं, ताशी ६ नेच जाऊ म्हटलं, तर त्या फेऱ्यांवर इंजिनात दमच नसतो. जरा चढ आला, हँडल पूर्ण वळलं की कण्हायला लागतं. रेस द्यावी तर पहिल्या गियरमध्ये गाडी धक्क्याने उसळते, रेस सोडावी तर तितक्याच धक्क्याने दबते. वळणात असे दोन धक्के बसले की नवा माणूस पाय टेकवतोच. हे धक्के पिऊन टाकायचं काम हाफ क्लचचं. रेस थोडी वाढवून एका जागी ठेवायची आणि वेग डाव्या बोटांनी कमी-जास्त करायचा.

रेस एका जागी का, याचं कारण अगदी शारीरिक आहे. उभ्या गाडीवर बसून हँडल पूर्ण उजवीकडे वळवून बघा. उजवी मूठ पोटाशी येते, मनगट मुडपतं. डावीकडे वळवा, तर उजवा हात ताणला जातो. दोन्ही वेळा रेस नकळत कमी-जास्त होते. अशा अवघडलेल्या मनगटाने नाजूक काम करून घेण्यापेक्षा ते बोटांवर सोपवलेलं बरं.

आणि हाफ क्लच ‘निषिद्ध’ असता तर जपानच्या लायसन्स परीक्षेतला एक प्रकार पार करणं जवळपास अशक्य झालं असतं. तिथे १५ मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच अशा फळीसारख्या पट्टीवरून गाडी न्यायची असते, आणि तीही लवकर उतरायचं नाही. मोठ्या गाडीच्या लायसन्ससाठी किमान १० सेकंद लागले पाहिजेत, ४०० सीसीपर्यंतच्या गाडीच्या लायसन्ससाठी ७. दहा सेकंदांत १५ मीटर म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरसुद्धा नाही. वरच्या हिशेबातल्या गाडीलाही क्लच पूर्ण सोडून एवढं हळू जाता येत नाही. पट्टीवरून खाली घसरलात तर नापास.

आता ‘जळतात’ बद्दल. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच तेलात बुडालेला असतो. एकाआड एक अशा घर्षणाच्या आणि स्टीलच्या प्लेटा, आणि त्यांच्यात फिरणारं इंजिन ऑइल. प्लेटा एकमेकींवर घसरल्या की उष्णता होते, ती हे तेल घेऊन जातं. गियरच्या मोटारीचा क्लच सहसा कोरडा असतो, तिथे हाफ क्लचवर रेंगाळलं की वास येतो. मला वाटतं हा सल्ला मोटार चालवणाऱ्यांकडूनच दुचाकीवर चढलाय. कोरड्या क्लचच्या मोटरसायकलीही आहेत. जुन्या बीएमडब्ल्यू बॉक्सर, काही डुकाटी. त्यांना जपून वापरावं लागतं. पण शिकाऊ माणसाच्या हाती येणाऱ्या गाड्या सहसा तेलातल्या क्लचच्याच असतात.

त्या प्लेटाही जळतात, नाही असं नाही. रेस भरपूर देऊन क्लच बराच वेळ घसरवत ठेवला, चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी धरून उभे राहिलात, लिव्हरची मोकळीक (दाबताना सुरुवातीला ती ढिली हलते तेवढं अंतर) इतकी कमी ठेवलीत की क्लच कधी पूर्ण बसतच नाही, किंवा मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगात बोटं लिव्हरवर विसावली, तर जळतात. यातलं शेवटचं मी सर्रास बघतो, आणि बऱ्याचदा तीच माणसं हाफ क्लचच्या विरोधात बोलत असतात. मोकळिकीचं माप आपल्या गाडीच्या पुस्तिकेत बघा. लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलीमीटर हे माप बऱ्याच गाड्यांना दिलेलं असतं. तेलही मोटारीचं ओतू नका. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (या जपानी मानकाच्या खुणा) असलेलं तेल तेलातल्या क्लचसाठी असतं. ‘एमबी’चं घर्षण कमी असतं, ते अशा क्लचसाठी नाही. यू-टर्नमधल्या चार-पाच सेकंदांच्या हाफ क्लचने काही होत नाही. पाऊण तास सलग आठचे आकडे काढलेत तर मध्ये दहा मिनिटं गाडीला आणि बोटांना दोघांना विश्रांती द्या. बोटंच आधी मागतील.

तिसरा मुद्दा अर्धा बरोबर आहे. हँडल वळलेलं असताना हळू वेगात पुढचा ब्रेक धरला की पुढचे शॉकअप दबतात, वेग एकदम तुटतो आणि गाडी त्या बाजूला लोळते. तेव्हा पुढच्या ब्रेकवरची बोटं काढा, हे मान्य. पण ‘कुठलाच ब्रेक नाही’ म्हणताना संदेशकर्त्याने हळू वळणातलं सगळ्यात कामाचं हत्यार फेकून दिलं. मागचा ब्रेक पायाने किंचित दाबून ठेवायचा आणि त्याच वेळी हाफ क्लचने जोर देत राहायचं. इंजिन पुढे ढकलतंय आणि ब्रेक मागे धरतोय, त्यामुळे चेन ताणलेली राहते आणि गाडी कशी घट्ट, एकसंध वाटते. वेग पायाने घटवायचा, बोटांनी वाढवायचा. पाय दाबायचा म्हणजे किती? पिकलेलं केळं बुटाखाली आहे आणि ते फुटू द्यायचं नाही, इतका.

पाय खाली सोडण्याबद्दल थोडक्यात. पाय हवेत लोंबकळत असेल तर मागचा ब्रेक कोण दाबणार? शिवाय दीडशे किलोची चालती गाडी कलली की एका घोट्यावर तोलली जात नाही. टेकवलेला पाय मागे राहतो, गाडी पुढे जाते, आणि फूटरेस्ट पोटरीत घुसतो. निघाल्यावर चाक दोन फेरे फिरेपर्यंत पाय वर आले पाहिजेत. अगदी पहिल्या दिवशी, सरळ रेषेत, गाडीची ओळख होईपर्यंत पाय खाली ठेवून चालवायला माझी हरकत नाही. दुसऱ्या दिवशी आहे.

पाचवा मुद्दा शर्यतींचे व्हिडिओ बघून आलेला दिसतोय. तिथे स्वार अंग आत टाकतो, कारण वेग प्रचंड असतो आणि गाडी जितकी कमी कलवता येईल तितकी त्याला हवी असते. हळू यू-टर्नमध्ये गरज उलटी आहे. वळण आखूड हवं, म्हणजे गाडी जास्त कललेली हवी, पण एकूण तोल जाता कामा नये. म्हणून गाडी आत कलू द्यायची आणि आपण सरळ राहायचं, किंबहुना बाहेरच्या बाजूला जरा सरकून बसायचं. डावीकडे वळताना वजन उजव्या मांडीवर. आत झोकायचं काहीच नाही असंही नाही. मान झोकायची. हनुवटी खांद्याच्या रेषेपर्यंत वळवून, जिथून बाहेर पडायचंय तिथे बघायचं. भाची पहिल्या दिवशी बाटलीकडे बघायची आणि दर वेळी बाटलीच उडवायची. मग मी वळणाच्या पलीकडे उभा राहिलो आणि बोटं दाखवू लागलो, कधी दोन, कधी चार. किती ते तिने वळता वळता ओरडून सांगायचं. तिसऱ्या फेरीत बाटली जागेवर उभी होती, आणि क्लच कसा सोडला हे तिला आठवतही नव्हतं.

सहावा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा. गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की ती कोणीच धरू शकत नाही. धरायला गेलेल्याची पाठ किंवा मनगट जातं. पाय बाहेर काढायचा आणि गाडी जाऊ द्यायची. त्यानंतरचं संदेशात नाही, ते सांगतो. आधी इंजिन बंद करा. गाडी घरंगळू नये म्हणून गियरमध्ये असू द्या. उजव्या अंगावर पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड बाहेर काढून ठेवा. स्टँड डावीकडे असतो, आणि जोर लावून उभी केलेली गाडी पलीकडच्या बाजूला कोसळते ती तो काढायचा राहिला म्हणून. मग गाडीकडे पाठ करा, गुडघ्यांत वाका, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला, आणि पायांच्या जोरावर उलट पावली तिला रेटत उभी करा. भाचीने दुसऱ्यांदा पाडली तेव्हा मी मुद्दाम हात लावला नाही. वाकलेल्या लिव्हरवर तिची बोटं अजून नीट बसत नाहीत, उद्या ती बदलायचीय.