‘सिटी ऑफ डेथ’चे १ कोटी ६१ लाख प्रेक्षक: आकडा खरा, कारण भलतंच

एक ढकलपत्र सध्या जिकडेतिकडे फिरतंय. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या जुन्या सायफाय मालिकेतली ‘सिटी ऑफ डेथ’ (१९७९) ही म्हणे तिची आजवरची सगळ्यात लोकप्रिय कथा, कारण शेवटचा भाग १ कोटी ६१ लाख लोकांनी बघितला. आणि का बघितला, तर विनोदी लेखक डग्लस ॲडम्सने ती एकट्याने एका वीकेंडला लिहिली, भरपूर पैसा ओतून लूव्र म्युझियमच्या आत शूटिंग केलं, ‘मॉन्टी पायथन’वाला विनोदी नट जॉन क्लीज त्यात होता, आणि वर पृथ्वीवर जीव कसे आले ते पण सायन्सला धरून दाखवलंय. असं सगळं एका दमात. खाली पाच-सहा टाळ्यांचे इमोजी.

आधी सांगून ठेवतो, ही कथा मला प्रचंड आवडते, म्हणूनच हे वाचून डोकं फिरलं.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: काळात मागेपुढे फिरणारा परग्रहवासी डॉक्टर (टॉम बेकर) आणि त्याची सोबतीण रोमाना (लाला वॉर्ड) पॅरिसमध्ये सुट्टी घालवतायत. तिथे काउंट स्कार्लिओनी नावाचा एक बडा माणूस मोनालिसा चोरायच्या तयारीत आहे, आणि त्याच्या तळघरात भिंतीआड आधीच सहा मोनालिसा आहेत, सहाही खुद्द लिओनार्दोने काढलेल्या. काउंट म्हणजे मुळात स्कारोथ नावाचा परग्रहवासी, ४० कोटी वर्षांपूर्वी त्याचं यान पृथ्वीवर फुटलं आणि तो बारा तुकडे होऊन वेगवेगळ्या काळात विखुरला. सातही मोनालिसा सात श्रीमंतांना विकून त्याला टाइम मशीनचा खर्च काढायचाय, म्हणजे मागे जाऊन तो स्फोट टाळता येईल. एवढं पुरे.

आता आकडा. १ कोटी ६१ लाख हा आकडा खरा आहे, त्याबद्दल वादच नाही. २० ऑक्टोबर १९७९, शनिवार, चौथा भाग. पण तेव्हाच्या ब्रिटनमध्ये चॅनल होते तीनच, बीबीसी १, बीबीसी २ आणि आयटीव्ही, चॅनल फोर आलं १९८२ला. त्यातलं आयटीव्ही १० ऑगस्टपासून संपामुळे बंद पडलेलं, पडद्यावर नुसती दिलगिरीची पाटी. ते परत सुरू झालं २४ ऑक्टोबरला. ‘सिटी ऑफ डेथ’चे चार भाग लागले २९ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर. म्हणजे चारही भाग संपाच्या आत, एकही बाहेर नाही! शनिवारी संध्याकाळी घरात बसलेल्या माणसाने दुसरं बघायचं तरी काय होतं? आपल्याकडे दूरदर्शन एकटं होतं तेव्हा लोक ‘साप्ताहिकी’सुद्धा मन लावून बघायचे, म्हणून काय साप्ताहिकी हा भारतातला सर्वोत्तम कार्यक्रम ठरतो का.

आणि हे नुसतं माझं म्हणणं नाही, मागचे पुढचे आकडे बघा ना. आधीच्या सीझनला हीच मालिका, हाच टॉम बेकर, आणि प्रेक्षक साधारण ८०-९० लाखांच्या घरात. मग संप सुरू झाला आणि ‘सिटी ऑफ डेथ’च्या आधीची ‘डेस्टिनी ऑफ द डालेक्स’ एकदम १ कोटी ३० लाखांवर सुरू होऊन १ कोटी ४४ लाखांवर संपली, जी कथा आज फॅन लोकही फार डोक्यावर घेत नाहीत. ‘सिटी’ नंतरची ‘द क्रीचर फ्रॉम द पिट’ सुरू झाली २७ ऑक्टोबरला, आयटीव्ही परत येऊन तीन दिवस झालेले, आणि आकडा धाडकन ९३ लाख. एका आठवड्यात जवळजवळ ७० लाख लोक गायब. आयटीव्हीने परतल्यावर पहिल्याच रात्री ‘क्वाटरमास’ लावली होती, तीही सायफायच. त्याच्या पुढच्या वर्षी आयटीव्हीने समोर ‘बक रॉजर्स’ ही अमेरिकन सायफाय मालिका उभी केली तर आपले डॉक्टरसाहेब ५०-६० लाखांवर आले.

यावर ढकलपत्रवाल्यांचा एक मुद्दा मात्र ऐकण्यासारखा आहे, तो असा की नुसता संपच कारण असेल तर आकडा दर आठवड्याला का चढला? चढला हे खरंय, १ कोटी २४ लाख, १ कोटी ४१ लाख, १ कोटी ५४ लाख, मग १ कोटी ६१ लाख. लोकांनी एकमेकांना सांगितलं असेल, असणारच, पहिल्या भागाच्या शेवटी काउंट आरशासमोर उभा राहून स्वतःचा चेहरा सोलून काढतो आणि आत एक डोळ्याचं हिरवं काहीतरी निघतं, ते बघून पोरांनी सोमवारी शाळेत दुसरं काही बोललंच नसेल. पण ती चढण सुरू झाली तीच संपाने वर उचललेल्या जागेवरून. संपाशिवायचा चांगला आकडा हवा असेल तर १९७५ च्या ‘द आर्क इन स्पेस’चा दुसरा भाग घ्या, १ कोटी ३६ लाख, समोर आयटीव्ही धडधडीत चालू असताना. तुलना करायचीच तर ती करा.

बरं, लोकप्रियता म्हणजे फॅन्सची पसंती म्हणायचं असेल तर तेही बघू. २००९ साली ‘डॉक्टर हू मॅगझिन’ने तोवरच्या सगळ्या २०० कथांचा वाचकांकडून कौल घेतला, त्यात ‘सिटी ऑफ डेथ’ आठवी. दोनशेत आठवी म्हणजे फारच भारी की! पण पहिली नाही.

आता लेखक. ‘ॲडम्सने एकट्याने’ हे वाक्य डेव्हिड फिशरवर अन्याय करणारं आहे. मूळ कथा फिशरची, नाव ‘अ गॅम्बल विथ टाइम’, १९२८ सालच्या माँटे कार्लोच्या कसिनोतली. ती पूर्ण बदलायची वेळ आली तेव्हा फिशर घरच्या भानगडीत अडकलेला, घटस्फोट चालू होता, मग निर्माता ग्रॅहम विल्यम्स आणि स्क्रिप्ट एडिटर ॲडम्स असे दोघं विल्यम्सच्या घरी बसले आणि वीकेंडला नव्याने लिहून काढली. म्हणजे वीकेंड खरा, एकटा खोटा. पडद्यावर नाव येतं डेव्हिड ॲग्न्यू, तो माणूसच अस्तित्वात नाही, ते बीबीसीचं घरातलं टोपणनाव, १९७८ च्या ‘द इन्व्हेजन ऑफ टाइम’लाही तेच वापरलेलं. संवादांवर ॲडम्सचा हात आहे हे कोणीही ओळखेल. डॉक्टर काळात मागे लिओनार्दोच्या घरी जाऊन, ज्यांवर पुढे मोनालिसा रंगवल्या जाणार त्या कोऱ्या फळ्यांवर फेल्ट पेनने ‘हे नकली आहे’ असं लिहून ठेवतो, आणि शेवटी नेमकं त्यातलंच एक चित्र शिल्लक राहतं. मग डगन हा डिटेक्टिव्ह म्हणतो की एक्स-रे काढला तर कळेल ना, त्यावर डॉक्टरचं म्हणणं असं की चित्र चांगलं आहे की नाही हे ठरवायला ज्यांना एक्स-रे लागतो त्यांचं तसंच व्हायला हवं. (ॲडम्सचं ‘हिचहायकर्स गाइड’ हे गाजलेलं पुस्तक बाजारात आलं १२ ऑक्टोबर १९७९ला, म्हणजे तिसऱ्या भागाच्या आदल्या दिवशी. काय महिना असेल तो त्या माणसाचा.)

‘भरपूर पैसा ओतून’ तर साफ उलटं आहे. १९२८ चा काळ उभा करणं परवडत नव्हतं म्हणून कथा १९७९ मध्ये आणली, आणि मालिकेचा प्रॉडक्शन युनिट मॅनेजर जॉन नेथन-टर्नरने हिशोब घालून दाखवलं की मोजकी माणसं नेली तर पॅरिसही बजेटात बसतं. मालिकेचं देशाबाहेरचं हे पहिलंच शूटिंग. गेले ते नेमके १ मेच्या सुमारास, आपल्याकडे महाराष्ट्र दिन, तिकडे कामगार दिन, सगळं बंद. एका बंद दाराशी झटापट केल्यावर अलार्म वाजला आणि बाकी सगळे पळाले, नेथन-टर्नर एकटा पोलिसांना समजावत बसला, असा किस्सा युनिटमधले लोक नंतर सांगायचे. लूव्रचं फक्त बाहेरून चित्रण आहे, मोनालिसाचं दालन म्हणजे लंडनच्या स्टुडिओतला सेट. डॉक्टर आणि रोमानाची पॅरिसभर चाललेली ती भटकंती इतकी लांबते ती उगाच नाही, एवढ्या लांब नेलंय तर दाखवून घ्या!

जॉन क्लीज आहे, पण किती? चौथ्या भागात, मिनिटभर पण नाही. तो आणि अभिनेत्री एलेनॉर ब्रॉन आर्ट गॅलरीत उभे राहून टार्डिसला, म्हणजे डॉक्टरच्या निळ्या खोक्यासारख्या टाइम मशीनला, कलाकृती समजून गंभीर चेहऱ्याने तिचं कौतुक करतात, तेवढ्यात ती गायब होते, आणि यांना तोही कलेचाच भाग वाटतो. सीन कमाल आहे. पण तिसऱ्या भागाला १ कोटी ५४ लाख लोक होते आणि त्यात क्लीज औषधालाही नाही. कथा पेलली ती काउंट झालेल्या ज्युलियन ग्लोव्हरने, आणि ढकलपत्रात त्याचं नावसुद्धा नसावं हे मला सगळ्यात जास्त टोचलं.

राहिलं सायन्स. कथेत स्कारोथचं यान फुटतं, त्या रेडिएशनने पृथ्वीवर पहिला जीव तयार होतो, आणि हे म्हणे ४० कोटी वर्षांपूर्वी. आता ४० कोटी वर्षांपूर्वी समुद्रात मासे पोहत होते आणि जमिनीवर झाडंझुडपं उगवायला लागली होती. जीवसृष्टीचे जुने पुरावे ३५० कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत, म्हणजे हिशोब निदान ३०० कोटींनी चुकलाय. शिवाय जीवच नव्हते तर हवेत ऑक्सिजन कुठून आला, आणि डॉक्टर, रोमाना, डगन तिघं तिथे जाऊन आरामात गप्पा कसे मारतात? डगन स्कारोथला तिथेच एक ठोसा लावतो आणि अख्खी मानवजात वाचते. ती गंमत आहे, तिला बायोलॉजीच्या पेपरात कशाला बसवायचं. ॲडम्सला स्वतःला मात्र ही फुटणाऱ्या यानाची कल्पना इतकी आवडलेली की १९८७ च्या ‘डर्क जेंटली’ कादंबरीत त्याने ती परत वापरली, आणि तिथे ४० कोटींच्या जागी ४०० कोटी वर्षं केली.