आमची देखणी वेबसाइट

आमच्या वाचनालयाची वेबसाइट मी फुकटात करून दिली. फुकट केलेल्या कामाची शिक्षा जन्मठेपेची असते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. उद्घाटनाला सगळे "देखणी झालीय" म्हणाले. आठवड्याभराने सरांचा फोन आला. "अरे, तुझी वेबसाइट माझ्याशी धड बोलत नाही."

सर म्हणजे आम्हाला शाळेत मराठी शिकवणारे सर. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. पुस्तकं आता काकू वाचून दाखवतात, पण कोणतं वाचायचं हे ठरवण्याचा हक्क सरांनी काकूंनाही दिलेला नाही. त्यासाठी यादी हवी, यादी वेबसाइटवर आणि वेबसाइट माझी. संध्याकाळी मुकाट गेलो.

सरांच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा हा स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने 2006 साली लिहायला घेतला, आणि तो आजही मोफत मिळतो. जगात फुकट काम करणारा मी एकटाच नाही, म्हणून जरा बरं वाटलं. पण तो इतका भरधाव बोलत होता की मला वाटलं, बिघडलाय. सर हसले. "थांब, तुझ्यासाठी बालवाडीचा वेग लावतो."

मग मी माझी वेबसाइट आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

"लिंक, ग्राफिक, व्हॉट्सअ‍ॅप इमेज ट्वेंटी ट्वेंटी थ्री डॅश झीरो वन डॅश..." हे अध्यक्षांच्या हस्ते झालेलं दीपप्रज्वलन होतं. पुढे, "लिंक, इथे क्लिक करा. लिंक, इथे क्लिक करा. लिंक, इथे क्लिक करा."

"इथे म्हणजे कुठे?" सरांनी विचारलं.

मी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. मग गुपचूप बोट काढून घेतलं.

सर माउस वापरत नाहीत, टॅबची कळ दाबत पुढे सरकतात. पुस्तक शोधायच्या चौकटीपर्यंत पोचायला एकेचाळीस टॅब लागले. "एवढ्यात मी काठी टेकत वाचनालयात जाऊन आलो असतो," सर म्हणाले. ते बरोबर होतं, मी मनात अंतर मोजून पाहिलं.

खरी गंमत सूचनांच्या पानावर झाली. आमचे कार्यवाह सूचना अजून कृतिदेव फॉन्टात टाइप करतात. त्या फॉन्टात डोळ्यांना 'मराठी' दिसतं, पण आत साठवलेली असतात ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं. स्क्रीन रीडर बिचारा आत असेल तेच वाचणार. वार्षिक सभेची सूचना त्याने अशी काही म्हटली की स्वयंपाकघरातून काकू धावत आल्या. "काय झालं? कोण ओरडतंय?"

समितीच्या बैठकीत मी सांगितलं, सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर आतही मराठीच राहील अशा पद्धतीत, घ्यावं लागेल. कार्यवाह म्हणाले, "आपल्याकडे अंध वाचक येतातच किती?" मी म्हटलं, "दाराला कुलूप लावून कोण येत नाही ते मोजतोय आपण." 2016 च्या दिव्यांग कायद्याचं नाव काढल्यावर मात्र चहा आला.

रंगांवरून वेगळी लढाई. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं अध्यक्षांना 'शांत' वाटतात. जागतिक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उठाव किमान 4.5 ला 1 हवा, आमचा भरला 2.85. अध्यक्ष म्हणाले, मला तर नीट दिसतं. मी त्यांच्याच फोनवर त्यांचंच मनोगत उघडून दिलं. त्यांनी फोन हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग खिशातून चष्मा काढला. ठराव मंजूर.

मग फोटोंना पर्यायी मजकूर द्यायचा ठरला. म्हणजे चित्रात काय आहे ते एका ओळीत लिहायचं, स्क्रीन रीडर ते वाचतो. मी लिहिलं, 'अध्यक्ष समई पेटवताना'. समितीत गेल्यावर त्याचं झालं, 'मा. अध्यक्षांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन होत असताना सोबत मा. उपाध्यक्ष, मा. कार्यवाह, मा. खजिनदार' आणि पुढे आणखी अकरा माननीय. जे फोटोत नव्हते त्यांनीही नाव घालून घेतलं, कारण ऐकणाऱ्याला कुठे दिसतंय! सरांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेवटी दिवा लागला का?"

अभिप्रायाच्या अर्जावर 'तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा' म्हणून सिग्नलचे फोटो ओळखायचे होते. ते मी कुणालाही न विचारता काढून टाकलं. 'थेट मुख्य मजकुराकडे' अशी लिंक अगदी वर घातली, एकेचाळीस टॅबचे दोन झाले. रकान्यांना नावं दिली. टॅब दाबताना आपण कुठे आहोत ते दाखवणारी फोकसची जी चौकट मी 'कुरूप दिसते' म्हणून स्वतःच्या हाताने काढली होती, ती स्वतःच्याच हाताने परत लावली.

तीन आठवड्यांनी त्या अर्जातून पहिला अभिप्राय आला. सरांचा. मी आनंदाने उघडला.

"मुखपृष्ठावर 'वार्षीक वर्गणी' असे आहे. षि ऱ्हस्व."

मी फोन केला. "सर, हे तुम्हाला कळलं कसं?"

"उजवा बाण दाबला की एकेक अक्षर ऐकू येतं रे. आता वाचता येतंय म्हटल्यावर तपासायला नको?"

मी लगेच दुरुस्त करून कळवलं. पाच मिनिटांत दुसरा अभिप्राय आला. "ठीक. आता देणगीदारांचे पान घेतो."

त्या पानावर तीनशे बारा नावं आहेत.