फुकट्यांच्या रांगेत तिकीटवाला

ऐंशी ओलांडलेले आवडते बुवा पणजीत गाणार, म्हणून तिकीट काढलं आणि वेळेवर जाऊन बसलो. शेजारच्या गृहस्थांनी माझ्या हातातला कागद पाहिला आणि माझ्या घरी काहीतरी वाईट घडल्यासारखा चेहरा केला.

"तिकेट काडून आयल्यात?"

"हो."

"पास मेळूंक ना?"

"मागितला नाही."

त्यांनी ही बातमी बायकोच्या कानात सांगितली. त्या पुढे वाकून मला नीट बघून घेत्या झाल्या. मग चौकशी. सरकारी खात्यात कोणी? नाही. प्रायोजक बँकेत? नाही. आमदाराकडे? नाही. "मग तुम्ही राहता तरी कसे गोंयांत?" आवाजात खरी काळजी होती. "कितले पडले?"

दोन हजार. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 360. वर बुकिंगचा आकार, त्या आकारावर पुन्हा जीएसटी. पाचशेपर्यंतच्या तिकिटाला हा कर लागत नाही, पण ती तिकिटं केव्हाच संपली होती. काकांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे आमचे दोघांचे पाच हजारांच्या आसपास गेले असते! आणि बसवलं आमच्याच रांगेत?"

हे वाक्य अजून पचलेलं नाही.

तेवढ्यात पुढचे रिकामे सोफे फोटोत वाईट दिसतात म्हणून स्वयंसेवक काका-काकूंना उचलून पुढे घेऊन गेला. मीही उठलो, तर म्हणाला, "ते पासवाल्यांसाठी." काकूंनी जाताना सीटवरचा चिवड्याचा पुडा मला देऊ केला. मी घेतला नाही. घ्यायला हवा होता असंही वाटत नाही.

कार्यक्रम साडेपाचचा. नोव्हेंबरात इथे सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो. मारवा, पूरिया हे सांजवेळचे राग ऐकायचे तर तीच वेळ. ती वेळ दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांच्या ओळखीत गेली. ज्यांची ओळख करून द्यावी लागते त्यांना प्रमुख पाहुणे का करतात कोण जाणे. तोवर तबला एसीच्या झोतात पडून होता. बाहेरच्या दमट हवेतून आत आला की पुडीचं, म्हणजे वरचं, कातडं सुकतं, ताणतं आणि स्वर चढतो. मग भाषण संपल्यावर तबलजी गजऱ्याला, म्हणजे पुडीच्या काठच्या वेणीला, खालून हातोडी मारून तो उतरवत बसतो, आणि लोक घड्याळ बघत तबलजीवर चिडतात. शेवटी यमन, सूर्य बुडाल्यावरचा राग.

आता पैसे वसूल का, तर ऐका. या वयात पट्टी, म्हणजे ज्या उंचीच्या सा वरून गातात ती, उतरलेली असते, दम अपुरा पडतो, तार षड्ज, म्हणजे वरचा सा, शिष्य लावतो आणि तानाही त्याच्याच. तानांसाठी जाणाऱ्याने घरी बसून जुनी ध्वनिमुद्रणं लावावीत. पण विलंबित एकतालाचं, म्हणजे संथ बारा मात्रांचं, जवळजवळ मिनिटभराचं आवर्तन चाललेलं, आणि बुवा निवांत पाणी पिताहेत. नववी मात्रा गेली, दहावी गेली, शिष्य कासावीस. अकराव्या मात्रेला भांडं खाली ठेवलं, बाराव्याला मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवात, उचलला आणि समेवर, पहिल्या मात्रेवर, असे आले, की तबलजीच हसला. माझ्या हिशेबात बाराशे तिथेच फिटले. उरलेले भाषणांच्या नावे मांडले.

एक गोष्ट मात्र काकांना सांगायची राहिली. पहिल्या रांगेच्या मधोमध गाणं सगळ्यात वाईट ऐकू येतं. मोठे स्पीकर दोन्ही कडांना, त्यांचा मारा मागच्या रांगांवर. सोफ्यावर पोचतो तो नुसता तबला आणि कलाकारांकडे तोंड केलेल्या मॉनिटर स्पीकरचा उष्टा आवाज. बाल्कनीच्या छताखाली डग्गा घुमतो, तिथेही नको. साऊंडवाल्याच्या टेबलालगतची खुर्ची गाठावी, कारण तो आवाज जुळवतो ते स्वतःच्या कानांसाठी. ती जागा सहसा स्वस्त रांगांत असते. भैरवीच्या, म्हणजे शेवटच्या गाण्याच्या, आधी टॅक्सी मात्र सांगून ठेवा. त्या वेळी मडगावला बस मिळेलच असं नाही, आणि टॅक्सीवाला सांगतो तो आकडा ऐकून बुवांचं तिकीट एकदम स्वस्त वाटायला लागतं.