सेरोटोनिनचा सिद्धांत डळमळला, म्हणून नैराश्य खोटं ठरत नाही

‘डिप्रेशनचा मेंदूशी संबंध नाही हे २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनीच मान्य केलं. गोळ्या निरुपयोगी, नुसता कंपन्यांचा धंदा. आजच बंद करा.’ अशा अर्थाचा मजकूर अजून फिरतोय. तो वाचून कुणी खरंच गोळ्या सोडल्या तर जिवावर बेतू शकतं, म्हणून हे लिहितोय.

‘शास्त्रज्ञांनी मान्य केलं.’ काय मान्य केलं? लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला. सेरोटोनिन, म्हणजे चेतापेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन, कमी झाल्याने नैराश्य येतं याला ठोस पुरावा नाही, एवढाच त्यांचा निष्कर्ष. तो मला बराचसा पटतो. ‘केमिकल इम्बॅलन्स’, म्हणजे मेंदूतल्या रसायनांचा तोल बिघडला, हे सोपं उत्तर औषधांच्या जाहिरातींनीच घरोघरी पोचवलं होतं.

‘मेंदूशी संबंध नाही.’ ही मात्र शुद्ध थाप. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण जगापुढे मांडला. पुढे तिच्यातलं रेसरपिन घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदी आल्या. रेसरपिन चेतापेशींमधला सेरोटोनिन आणि तसंच दुसरं रसायन नॉरअ‍ॅड्रेनलिन यांचा साठा रिकामा करतं. उलट इप्रोनियाझिड या क्षयाच्या औषधाने रुग्णांचा मूड सुधारत होता. सेरोटोनिनचा सिद्धांत उभा राहिला तो अशा निरीक्षणांवर. १९९० चा एक प्रयोग तर फार बोलका आहे. गोळ्यांनी बरे झालेल्यांना ट्रिप्टोफॅन, म्हणजे सेरोटोनिनचा कच्चा माल, नसलेला आहार दिला. बऱ्याच जणांची लक्षणं काही तासांत परतली. निरोगी माणसांत मात्र अशा प्रयोगांनी सहसा नैराश्य येत नाही. म्हणजे सेरोटोनिन हे एकमेव कारण नाही, पण गैरलागूही नाही. शिवाय जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३७ टक्के निघतो, आणि ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाच्या मार्गाने काम करणारं केटामिन हे भुलीचं औषध काहींना काही तासांत उतार देतं. घरची परिस्थिती, आघात, एकटेपणा यांचाही वाटा मोठा आहे. तेही शेवटी मेंदूतूनच सोसलं जातं.

‘गोळ्या निरुपयोगी.’ २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्यांचं, १,१६,४७७ रुग्णांचं विश्लेषण आलं. २१ च्या २१ औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, सरस ठरली. सरासरी फरक माफक होता आणि चाचण्या बहुतेक आठ आठवड्यांच्या, हेही सांगायलाच हवं. पण औषध नेमकं कसं काम करतं हे न कळणं वेगळं आणि ते काम न करणं वेगळं.

‘आजच बंद करा.’ हे सर्वांत घातक. गोळ्या एकदम सोडल्या की चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, झोप उडणं, बेचैनी असे त्रास होऊ शकतात, आजारही उलटू शकतो. औषधांवर कडक टीका करणाऱ्या मॉनक्रिफही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ती थांबवू नका असंच सांगतात. बंद करायचीच असतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि डोस हळूहळू उतरवत न्या.