कोंबडी, मुरुमं आणि लग्न

घराघरातल्या ग्रुपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात, ती कोंबडी खाऊन मुलींना लवकर पाळी येते; मुरुमं म्हणजे रक्तातली घाण, लग्न झालं की जातात; मान काळी पडते ती नीट न धुतल्याने; आणि पाळी सुरू झाली की मुलीचं खेळणं बंद करावं.

कोंबडीचं आधी उरकू. वाढीचं हार्मोन हे प्रथिन असतं, पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखंच पचतं. हजारो पक्ष्यांना धरून धरून सुया टोचणं कुठल्या पोल्ट्रीवाल्याला परवडेल? पक्षी झपाट्याने वाढतो तो निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. युरोपात पहिल्या पाळीचं सरासरी वय एकोणिसाव्या शतकापासून घसरत होतं, तेव्हा ब्रॉयलर जन्मालाही आला नव्हता. पोषण सुधारलं, हे त्यामागचं मोठं कारण. अंगात पुरेशी चरबी साठली की लेप्टिन हे चरबीतूनच सुटणारं हार्मोन मेंदूला तशी वर्दी देतं. मात्र आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली तर चिकन बंद करून वाट पाहू नका, डॉक्टर गाठा.

मुरुमांचा रक्तातल्या घाणीशी संबंध नाही. बायकांच्या शरीरातही टेस्टोस्टेरॉन हे ‘पुरुषी’ म्हटलं जाणारं हार्मोन असतं, थोडं का होईना. त्याने त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, रंध्राचं तोंड बुजतं, आत जिवाणू वाढतात आणि पुटकुळी लाल होते. विशीच्या मध्यावर बऱ्याच जणींचा चेहरा निवळतो. आपल्याकडे लग्नंही त्याच सुमारास होतात, म्हणून श्रेय जावयाला! ज्यांना पस्तिशीतही पाळीच्या आधी हनुवटीवर फोड येतात, त्या विवाहित बायका या मजकुरात कुठेच नाहीत. वाट पाहण्यात गालांवर कायमचे खड्डे पडतात, ते वेगळंच. त्यात कुणीतरी मेडिकलमधून ‘गोरं करणारी’ ट्यूब आणून देतं. तिच्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. ते लावून चेहरा चार दिवस उजळतो, मग पातळ, लालसर होतो आणि मुरुमं दुप्पट येतात.

मानेचा मुद्दा सगळ्यात चीड आणणारा. आई दर रविवारी डाळीचं पीठ आणि लिंबू लावून मान घासते, कातडी सोलवटते, पण काळेपणा हलत नाही. तो मळ नसतोच. मानेच्या आणि काखेच्या घड्यांत जाड, मखमली काळी पट्टी दिसली तर बहुतेकदा रक्तात इन्सुलिन वाढलेलं असतं. हेच इन्सुलिन बीजकोशांना जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. म्हणून काळी मान, हनुवटीवरचे केस आणि दोन-दोन महिने लांबणारी पाळी एकत्र दिसली तर पीसीओएसची, म्हणजे बीजकोशांचं आणि हार्मोनचं तंत्र बिघडवणाऱ्या विकाराची, शंका घ्यायची. साखर तपासायची, घासणी ठेवून द्यायची.

राहिलं खेळणं. चौथीत पाळी आली तरी मुलगी चौथीतलीच असते. हार्मोन शरीर वाढवतात, समज एका रात्रीत वाढवत नाहीत. थोराड दिसणाऱ्या मुलीला लोक मोठं समजून बोलतात, टोमणे मारतात. ती पोक काढून चालू लागते, ते या वागण्यामुळे. वर इन्सुलिन ताब्यात ठेवायला जी धावपळ हवी, तीच आपण बंद करायला निघालो आहोत.